भामट्याला नटाचा मान कशाला?

हेर आणि भामटे हेच जगातले सर्वश्रेष्ठ नट, असा सिद्धांत एका जाणत्या गृहस्थांनी अलीकडे मांडला आणि त्याला दादही भरपूर मिळाली. म्हणणं असं: रंगमंचावरचा नट चुकला तर फार तर शिट्ट्या पडतात, हेर चुकला तर मान जाते. नटाला मध्यंतर असतं, भामट्याला नसतं. म्हणून तो भूमिकेत असा विरघळतो की मूळ माणूस उरतच नाही. आणि फसतात ते? ते बिचारे भोळे. झाला सिद्धांत! इतका सुटसुटीत की पुराव्याची अडगळ त्यात मावलीच नसावी.

दाखला त्यांनी दिला फ्रँक अबॅग्नेल या अमेरिकी भामट्याचा. त्याच्यावर 2002 मध्ये हॉलिवूडनं चित्रपट काढला, तेव्हापासून हा 'वैमानिक' व्याख्यात्यांचा लाडका आहे. पण ज्या काळात आपण वैमानिकाचा गणवेश घालून जगभर हिंडलो असं तो सांगत आला, त्यातला 1965 ते 1968 हा बराचसा काळ तो न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रेट मेडो तुरुंगात होता, असं तिथल्या नोंदी सांगतात. म्हणजे ज्या प्रयोगाला गृहस्थांनी वाहवा दिली, त्यातले बरेच अंक लागलेच नव्हते. भोळं कोण, हे वेगळं सांगायला नको.

नटानं भूमिकेत विरघळावं की शुद्धीवर राहावं, हा वाद आपल्याकडे जुना आहे. विरघळणारा पक्ष तेव्हाही हरला होता, कारण विरघळलेला नट पुढचं वाक्य विसरतो. तीच मंडळी आता भामट्याचा हात धरून मागच्या दारानं आत येत आहेत. असो.

आता घरचं उदाहरण. 1761 मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते खरंच गेले का, ही शंका लोकांच्या मनातून गेली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर अखेरपर्यंत वैधव्य मानलं नाही. काही वर्षांत सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणत पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि रत्नागिरीच्या किल्ल्यात जाऊन पडला. इथं क्षणभर थांबावं. अभिनयच सर्व काही असेल, तर हा प्रयोग सपशेल पडला होता. भाऊंना पाहिलेली माणसं हयात होती आणि त्यांच्यापुढे तो टिकला नाही.

पण 1776 मध्ये हाच माणूस, हाच चेहरा घेऊन बाहेर पडला आणि हजारोंची फौज त्याच्यामागे उभी राहिली. कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती गेले, पुण्याच्या कारभाऱ्यांची झोप उडाली. मधल्या काळात त्यानं तुरुंगात अभिनयाची शिबिरं केली होती काय? बदललं होतं ते भोवतालचं राज्य. 1773 मध्ये नारायणरावांचा खून झाला होता, राघोबादादा आणि बारभाई यांचा झगडा चालू होता, गादीवर दोन वर्षांचं मूल होतं. कारभारावर नाराज असलेल्या प्रत्येकाला एक भाऊ हवाच होता. ज्याच्या पहाऱ्यात हा कैदी होता, त्या किल्ल्याच्या अधिकाऱ्यानंच त्याला सोडून भाऊपण बहाल केलं. अधिकारी म्हणतो हे भाऊ, तर शिपाई कशाला नाही म्हणेल? पुढे पराभव झाला, आंग्र्यांनी त्याला पकडून दिलं आणि त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. तोतयाला भाऊ केलं ते ग्वाही देणाऱ्यांनी, आणि ग्वाही आटताच तो पुन्हा सुखनिधान झाला.

माझं म्हणणं एवढंच आहे: खोटी ओळख सोंग घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर नसते, ती दुसऱ्याच्या ग्वाहीवर उभी असते.

मुंबईत 19 मार्च 1987 रोजी ऑपेरा हाऊसच्या एका जवाहिऱ्याच्या पेढीवर 'सीबीआय'ची धाड पडली. म्होरक्यानं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, ताजमहाल हॉटेलात मुलाखती घेऊन 26 जण निवडले होते. ते नाटक करत नव्हते. खरीच नोकरी लागली असं समजून इमानानं काम करत होते. छापील जाहिरात, पंचतारांकित हॉटेल आणि सव्वीस प्रामाणिक चेहरे यांनी ग्वाही दिली, आणि म्होरक्या दागिने घेऊन जो गेला तो कुणाला सापडलाच नाही. उत्कृष्ट अभिनयाचं पारितोषिक आता सत्ताविसांपैकी कुणाला द्यायचं?

हेरांचंही तेच. अमेरिकेच्या एफबीआयचा जो पिस्टोन 1976 ते 1981 'डॉनी ब्रॅस्को' या नावानं न्यूयॉर्कच्या माफियात वावरला. सुरुवातीचे महिने त्यानं बारमध्ये बॅकगॅमन खेळत काढले. आत नेलं ते त्याची हमी घेणाऱ्या माफियांनी, आणि त्यांतल्या एकाला ती हमी जिवानिशी भोवली. दमास्कसमध्ये 1965 मध्ये फाशी गेलेल्या इस्रायली हेर एली कोहेनला अरबी शिकावी लागली नव्हती. त्याचे आईबापच अलेप्पोचे. लंडनच्या पोलिसी हेरांनी तर मेलेल्या मुलांचे जन्मदाखले वापरले आणि आंदोलनातल्या बायकांशी वर्षानुवर्षं संसार मांडले. 2015 मध्ये पोलिसांना त्यांतल्या काहींची जाहीर माफी मागावी लागली. यातही कुणाला कला दिसत असेल तर नमस्कार.

मग कला कुठे आहे? बहुरूप्याकडे. तो पोलीस होऊन दारात येतो, अटकेची धमकी देतो, आपण हसतो आणि त्याच्या झोळीत पसाभर धान्य पडतं. सोंग ओळखलं गेलं की त्याचं काम फत्ते होतं, भामट्याचं मात्र तिथंच बिघडतं.

आणि उपाय विचाराल तर ग्वाही तपासावी. 'डिजिटल अरेस्ट' नावाची तरतूद भारतीय कायद्यात नाही, तरीही व्हिडिओ कॉलवरची खाकी पाहून शिकलीसवरलेली माणसं आयुष्यभराची पुंजी पाठवतात. ती मूर्ख नाहीत. साहेबाला ओळखपत्र विचारणं म्हणजे उर्मटपणा, हे त्यांना खऱ्या साहेबांनीच शिकवलं आहे. 'फोन ठेवतो, चौकीवर येऊन बोलतो' हे वाक्य ज्या दिवशी खऱ्या फौजदारालाही सहज ऐकवता येईल, त्या दिवशी या थोर नटांचे प्रयोग आपोआप बंद पडतील.