फियाट परत येईल, पण कोणाच्या भरवशावर?

फियाटने भारतात परत यावे, ही इच्छा गाडीवेड्या मंडळींमध्ये अधूनमधून उसळी घेते. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा गाठून रस्त्यावरून उतरली, तेव्हा या इच्छेने उसळी घेतली. त्यानंतर युरोपात ग्रान्दे पांडा ही नवी छोटी फियाट आली, तेव्हा पुन्हा घेतली. इच्छा समजण्यासारखी आहे आणि ती अशक्य कोटीतलीही नाही. फियाटला परत आणायला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी आज भारतात तयार आहेत. कारखाना आहे, गाडीचा आराखडा आहे, कररचनाही अनुकूल आहे. तरीही सध्याच्या परिस्थितीत फियाटने येऊ नये असे माझे मत आहे. कारण ज्या एका गोष्टीअभावी हा ब्रँड इथून गेला, ती अजून जागेवर नाही. फियाटच्या गाड्या भारतात नापास झाल्या नाहीत. गाडी विकल्यानंतर ग्राहकाला जबाब देणारी फियाटची स्वतःची भक्कम यंत्रणा इथे कधी उभीच राहिली नाही.

हा आरोप तपासायला जरा मागे जावे लागेल. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकी डॉज, प्लिमथ आणि मग पन्नाशीच्या दशकात इटलीच्या परवान्यावर फियाटच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. १९५४ पासूनची अकराशे, १९६४ची ११००-डी, हे त्या गाडीचे सोन्याचे दिवस. सत्तरच्या दशकात गाडीचे नाव बदलून आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाले. म्हणजे कागदोपत्री फियाट तेव्हाच एकदा गेली होती. लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले, आणि आज जो जिव्हाळा 'फियाटविषयीचा' म्हणून सांगितला जातो, तो बराचसा त्या पद्मिनीचा आहे. आता हा जिव्हाळा कशातून आला? गाडी आधुनिक होती म्हणून नव्हे; ऐंशीच्या दशकात ती जुनाटच होती. स्पर्धा नव्हती हे पहिले कारण आणि कुठल्याही नाक्यावरच्या गॅरेजमध्ये तिचे इंजिन उघडून पुन्हा बसवणारा मेकॅनिक मिळत असे हे दुसरे. टॅक्सीवाल्याने ती इतकी वर्षे चालवली ती या दुसऱ्या कारणासाठी. तो भरवसा तुरिनच्या फियाटने दिला नव्हता. तो कुर्ल्याने, ग्रँट रोडने आणि शेकडो अनाम मिस्त्रींनी दिला होता.

फियाट स्वतः मैदानात उतरली, तेव्हा हा भरवसा आयता मिळेल असे तिने धरून चाललेले दिसते. १९९६ मध्ये युनो आली. तिच्यासाठी दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरून नोंदणी केली. भारतीय मोटारीच्या इतिहासात असा प्रतिसाद क्वचितच कोणाला मिळाला असेल. पण गाडी पुन्हा प्रीमियरच्याच हातून येणार होती आणि प्रीमियर तेव्हा कामगारांच्या संपात आणि पैशांच्या ओढाताणीत सापडलेली. गाड्या वेळेवर मिळाल्या नाहीत, माणसे कंटाळली, मारुतीकडे वळली. २००१ची पालिओ चांगली निघाली, सचिन तेंडुलकर तिचा चेहरा झाला. पण सुट्या भागांची आणि सर्व्हिसची रड तोवर नावाला चिकटली होती.

खरा धडा त्यापुढच्या टप्प्यात आहे. २००६ मध्ये फियाटने टाटांशी हातमिळवणी केली. टाटांच्या शोरूममधून फियाट विकली जाऊ लागली आणि २००७ पासून पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात दोघांची निम्मी-निम्मी भागीदारी झाली. २००९ मध्ये लिनिया आणि ग्रान्दे पुंटो आल्या. दोन्ही गाड्या दणकट, देखण्या, हायवेवर बसक्या आणि स्थिर. मात्र ज्या शोरूममध्ये पुंटो उभी होती, तिथेच शेजारी टाटांची इंडिका व्हिस्टा उभी होती, आणि तिच्यात फियाटचेच १.३ लिटरचे डिझेल इंजिन होते, किंमत कमी आणि जागा जास्त. विक्रेत्याने कोणती गाडी पुढे करावी? त्याचा पगार टाटांच्या विक्रीवर. २०१२ मध्ये दोघांनी विक्री वेगळी करायचे जाहीर केले, फियाटने स्वतःचे डीलर नेमायला घेतले, आणि मधल्या काळात जुन्या ग्राहकांनी गाडी न्यायची कुठे हाच प्रश्न पडला. शेवटी शेवटी देशभरातली महिन्याची विक्री दोन अंकी आकड्यावर आली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू होण्याआधीच पुंटो आणि लिनियाचे उत्पादन थांबले होते.

याच काळात तेच १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन मारुतीने परवान्यावर मानेसरला बनवले आणि स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, ब्रेझा यांत घातले. लाखोंनी खपले. त्याला 'राष्ट्रीय इंजिन' असे टोपणनावच पडले. इतका स्वच्छ प्रयोग बाजारात सहसा पाहायला मिळत नाही: इंजिन एक, देश एक, वर्षेही तीच, एकाच्या बोनेटवर सुझुकीचे चिन्ह, दुसऱ्याच्या बोनेटवर फियाटचे. इटालियन यंत्र भारतीयांना नाजूक वाटले असते, महाग पडले असते, तर डिझायरच्या टॅक्सी लाख-लाख किलोमीटर धावल्या नसत्या. फरक होता तो गाडी बंद पडल्यावर पुढचे दोन दिवस काय होते यात. तालुक्याच्या गावी मारुतीचे वर्कशॉप होते, फियाटचे नव्हते. आणि गाडी विकायला काढली की हा फरक थेट पैशांत दिसायचा.

आता आजची स्थिती पाहू, कारण परतीच्या बाजूचा युक्तिवाद कच्चा नाही. फियाट आता स्टेलांटिस या समूहात आहे. जानेवारी २०२१ मध्ये फियाट-क्रायस्लर आणि फ्रान्सचा पीएसए समूह एकत्र येऊन तो तयार झाला. रांजणगावचा कारखाना टाटांसोबतच्या भागीदारीत अजून चालू आहे. तिथे जीप कंपास बनते, टाटांची नेक्सॉनही बनते. तिकडे तमिळनाडूत तिरुवल्लूरला सिट्रोएनचा कारखाना आहे, होसूरला इंजिने आणि गिअरबॉक्स बनतात. ग्रान्दे पांडा ज्या आराखड्यावर उभी आहे, त्याचेच भावंड भारतातल्या सिट्रोएन सी३ खाली आहे. ग्रान्दे पांडाची लांबी चार मीटरला जेमतेम कमी, पेट्रोल इंजिन बाराशे सीसीच्या आत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा छोट्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्या गाडीवर ४० टक्के. युरोपात आखलेली गाडी भारतीय कराच्या चौकटीत इतकी नेमकी बसणे हे दुर्मीळच. शिवाय तिचा चौकोनी, उंच बाज आपल्याकडच्या आजच्या आवडीला धरून आहे. २०२४ या वर्षात देशात सर्वाधिक खपलेली गाडी टाटा पंच होती, हे लक्षात घ्या. यंत्र, कर, आवड असे सगळे पत्ते हातात असताना डाव का मांडू नये?

यावर पहिले उत्तर सिट्रोएनचे. तिचे तर सगळेच पत्ते बरे होते. समूह तोच, कारखाना इथलाच. २०२१ मध्ये मोजक्या शहरांत देखणी शोरूम उघडून सुरुवात झाली, जुलै २०२२ मध्ये सी३ आली ती पावणेसहा लाखांच्या आतल्या सुरुवातीच्या किमतीला. गाडीचे सस्पेन्शन खड्ड्यांवर उत्तम, हे टीकाकारांनीही मान्य केले. पण सुरुवातीला ऑटोमॅटिक गिअर नव्हता, स्पर्धकांकडे सर्रास मिळणाऱ्या सोयी नव्हत्या, आणि वर्कशॉप बहुतांश मोठ्या शहरांपुरती. २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत विजेवरच्या ई-सी३ला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. नंतर सोयी वाढवल्या, बसाल्ट आणली, महेंद्रसिंग धोनीला आणले. बाजारातला वाटा एक टक्क्याच्या आतच राहिला. फियाट आली तर तिच्यासाठी हाच आराखडा, हेच पुरवठादार आणि बहुधा हेच डीलर असतील. मग निकाल वेगळा लागावा तो कशाच्या जोरावर?

नावाच्या जोरावर, असे उत्तर येते. सिट्रोएन हे नाव भारतात कोणाला माहीत नव्हते, फियाट घरोघरी माहीत आहे. हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचे पुरावे नीट तपासायला हवेत. जावाचे उदाहरण घ्या. चेकोस्लोव्हाकियातली ही मोटरसायकल म्हैसूरला १९६१ पासून बनत होती, १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. महिंद्राच्या पाठबळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा परतली. महिना-दीड महिन्यात पुढच्या सप्टेंबरपर्यंतचे उत्पादन नोंदवले गेले. आठवणींचा जोर इतका होता! पण गाड्या हातात पडायला महिनोन्‌महिने लागले आणि तो पहिला जोश परत आला नाही; रॉयल एनफिल्डची तिच्यामुळे फारशी झोप उडाली नाही. उलट टोकाला एमजी. हे इंग्लंडचे जुने नाव भारतीय ग्राहकाच्या आठवणीत जवळजवळ नव्हतेच, मालक चिनी, कारखाना जनरल मोटर्सने सोडलेला हलोलचा. तिने २०१९ मध्ये हेक्टर आणताना शंभराहून अधिक विक्री-सेवा केंद्रे आधी उभी केली, किलोमीटरची मर्यादा नसलेली पाच वर्षांची वॉरंटी दिली आणि पाय रोवले. (त्या हेक्टरच्या डिझेल आवृत्तीत इंजिन कोणाचे होते? फियाटचे. या कंपनीच्या नशिबात दुसऱ्याची गाडी ओढणेच लिहिलेले दिसते.) आठवण असलेली जावा अडखळली, आठवण नसलेली एमजी टिकली. नाव पहिला ग्राहक दुकानात आणते. दुसरा ग्राहक पहिल्याला विचारून येतो.

आणि नावाची किंमत खुद्द या समूहाला किती वाटते, याचाही एक दाखला आहे. पीएसएने २०१७ मध्ये ॲम्बॅसॅडर हे नाव हिंदुस्तान मोटर्सकडून ८० कोटी रुपयांना विकत घेतले. म्हणजे पन्नास वर्षे भारतीय रस्त्यांवर एकमेकींसमोर उभ्या राहिलेल्या दोन गाड्यांची नावे आज एकाच घरात आहेत. ॲम्बॅसॅडर या नावाने त्यांनी एकही गाडी अद्याप बाजारात आणलेली नाही. आठवण विकली जात असती, तर ती कपाटात राहिली नसती.

शिवाय ज्याला पद्मिनी आठवते, तो आज पन्नाशीच्या पुढे आहे. पहिली गाडी घेणाऱ्या तिशीतल्या माणसाला फियाट म्हणजे काकांची पुंटो आठवते, आणि त्या आठवणीत गाडीचे कौतुक जितके असते तितकेच 'पार्टच मिळत नाहीत रे' हे वाक्यही असते. फियाटच्या नावावर ठेव आहे तसे कर्जही आहे.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे भागीदारीने सुटेल. टाटांचे जाळे आज पूर्वीपेक्षा मोठे आहे. पण ग्रान्दे पांडाची सरळ टक्कर पंचशी होईल. २००९ साली शोरूममध्ये जो हितसंबंधांचा गुंता होता, तो आज अधिक घट्ट आहे, कारण तेव्हाचे टाटा छोट्या गाड्यांत चाचपडत होते आणि आजचे टाटा त्या वर्गात दादा आहेत. त्यांनी फियाटची गाडी मनापासून का विकावी? रांजणगावला गाडी बनवून देणे वेगळे, गिऱ्हाईक देणे वेगळे. तिसरा मार्ग सुचवला जातो तो आयातीचा: थोड्या गाड्या आणा, हौशी लोकांना विका. २०१५ मध्ये फियाटचीच आबार्थ ५९५ आणून हा खेळ झालेला आहे. त्याने मासिकांची मुखपृष्ठे सजली, वर्कशॉप वाढली नाहीत.

मग फियाटने कधीच येऊ नये का? तसे नाही. एक वाट मला दिसते, आणि ती समूहाला गिळायला कठीण आहे. स्टेलांटिसकडे चौदा ब्रँड आहेत. भारतात त्यांनी सामान्य ग्राहकासाठी एकच ठेवावा. सिट्रोएन आणि फियाट असे दोन दुबळे ब्रँड शेजारी शेजारी चालवण्याइतका त्यांचा इथला धंदा नाही आणि तेवढे पैसे ओतण्याची त्यांची सध्याची प्रकृतीही नाही. २०२५च्या पहिल्या सहामाहीत समूहाला दोन अब्ज युरोंहून अधिक तोटा झाला आहे. फियाट आणायची असेल तर ती सिट्रोएनच्या जागी आणावी, सिट्रोएन आणि जीपची सगळी वर्कशॉप तिच्या नावाने एक करावीत, आणि गाडी दाखवण्याआधी दोन वर्षे फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी सेवा केंद्रे वाढवावीत. आजच्या सी३ आणि बसाल्टच्या मालकांना त्या नावबदलात वाऱ्यावर सोडले, तर पुंटोचीच पुनरावृत्ती होईल. सिट्रोएन तशीच ठेवून वर फियाटचे तिसरे दुकान मांडायचे असेल, तर न आलेलेच बरे.

कंपनी खरोखर गंभीर आहे की नाही, हे ओळखायला घोषणेची वाट पाहायची गरज नाही. पुंटो आणि लिनिया अजून हजारो घरांसमोर उभ्या आहेत. त्यांचा हेडलाइट, क्लच, सस्पेन्शनचा एखादा बुश किती दिवसांत आणि किती रुपयांना मिळतो, हे आज कुठल्याही मालकाला विचारता येते. उद्या फियाटची जाहिरात आली आणि बुकिंग सुरू झाले, तर पैसे भरण्याआधी एवढी चौकशी जरूर करा.