वाट दाखवणारा दिवा हवा, नुसता दाखला नको

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत परभणीची बाजारपेठ वर वर चढत गेली आहे. शिवाजी चौक, गुजरी बाजार, कच्छी बाजार, स्टेशन रोड या भागांत जिथे एकमजली दुकाने होती, तिथे आता दोन-तीन मजली व्यापारी संकुले उभी आहेत. खाली कापड, वर रेडीमेड, त्याच्या वर शिकवणीचे वर्ग किंवा दवाखाना आणि तळघरात गोदाम, असा सर्वसाधारण नकाशा दिसतो. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड या तालुक्याच्या गावांतही हेच चालू आहे. व्यापार वाढला ही आनंदाची गोष्ट आहे. त्यात आपल्या समाजातील कापड, पादत्राणे आणि शिलाईच्या व्यवसायातील बांधवांचा मोठा वाटा आहे, याचे समाधानही आहे. मात्र मजले वाढले तरी जिना तेवढाच अरुंद राहिला आणि त्या जिन्यावर दिवसा विजेचा दिवा असतो म्हणून रात्री किंवा संकटकाळीही तो असेलच, असे आपण गृहीत धरून बसलो आहोत. या पानावर एरवी भाव, कर्जे आणि कर यांची चर्चा होते. आज आम्हाला एका दिव्याविषयी आणि एका हिरव्या पाटीविषयी लिहायचे आहे.

३ एप्रिल २०२४ ची पहाट मराठवाड्यातील मुस्लिम समाज सहजासहजी विसरणार नाही. रमजानचे दिवस होते. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातील दाणाबाजारात तळमजल्यावरच्या कपड्यांच्या व शिलाईच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण मृत्युमुखी पडले. त्यांत तीन महिला व दोन लहान मुले होती. वरच्या मजल्यापर्यंत आगीच्या ज्वाळा पोहोचल्याच नव्हत्या. धूर पोहोचला आणि त्या धुराने गुदमरून हे जीव गेले, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले. खाली दुकान आणि वर घर ही रचना परभणीतही गल्लोगल्ली आहे. त्याआधी तीनच महिन्यांपूर्वी, ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे, वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनविणाऱ्या कारखान्यात झोपलेले सहा कामगार दगावले होते. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरील टॉवेल कारखान्यात मालक, त्यांचे कुटुंबीय आणि कामगार मिळून आठ जण गेले. तिन्ही घटना पहाटेच्या, तिन्ही ठिकाणी कापडासारखा भराभर पेटणारा माल किंवा तसाच कच्चा माल, आणि तिन्ही ठिकाणी आत माणसे झोपलेली.

आग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ज्वाळा येतात. प्रत्यक्षात माणूस बहुधा धुराने मरतो, आणि धुराच्या आधी येतो तो अंधार. शॉर्टसर्किट झाले की एमसीबी पडतो. तो पडला नाही तर कोणी तरी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढतो, आणि ते योग्यच आहे. अग्निशमन दल आले की तेही प्रथम वीज तोडते. म्हणजे ज्या क्षणी वाट दिसण्याची सर्वांत अधिक गरज असते, नेमक्या त्याच क्षणी इमारतीतील सगळे दिवे जातात. धूर छताकडून खाली उतरत येतो आणि डोळ्यांची आग होते. रोजच्या येण्याजाण्याचा जिनाही माणसाला सापडत नाही. मग पहिल्यांदाच दुकानात आलेल्या खेड्यातील बाईने, कडेवर मूल घेऊन, तो कसा शोधायचा?

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी हेच घडले. ट्रान्सफॉर्मरला आग लागली, वीज गेली, धूर बाल्कनीत शिरला. आपत्कालीन दिवे चालू नव्हते, जादा खुर्च्या बसवून बाहेर पडण्याची एक वाट बंद केलेली होती. ५९ माणसे गेली, शंभराहून अधिक जखमी झाली. पुढे मालकांवर अनेक वर्षे खटले चालले, शिक्षा आणि दंडही झाले. त्याने गेलेला एकही जीव परत आला नाही.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्रात ‘आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा कायदा डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. त्यानुसार इमारतीतील आगीची व जीवरक्षणाची साधने बसविणे आणि ती सदैव चालू स्थितीत ठेवणे ही इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून ही साधने चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. कसूर झाल्यास नोटीस, वीज-पाणी तोडणे, इमारतीला सील ठोकणे, आणि त्यापुढे खटला, दंड व कैद इथपर्यंत तरतूद आहे.

दिवे आणि पाट्या कशा असाव्यात, याचे मार्गदर्शन राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतील चौथ्या भागात मिळते. त्यातील सार व्यापारी बांधवांच्या भाषेत सांगायचे तर असे: नेहमीची वीज गेली की जिना, बोळ व दरवाजा या वाटेवरचे दिवे काही क्षणांत आपोआप लागले पाहिजेत. त्यांना वीज नेहमीच्या जोडणीपेक्षा स्वतंत्र ठिकाणाहून, म्हणजे बॅटरीतून किंवा वेगळ्या स्रोतातून मिळाली पाहिजे. ते किमान दीड तास चालले पाहिजेत. ते शक्य तितके खाली असावेत, कारण वरचा दिवा धुरात बुडतो. आणि बाहेर जाण्याची दिशा दाखवणारी पाटी प्रत्येक वळणावर, प्रत्येक जिन्यावर, प्रत्येक दारावर दिसली पाहिजे.

हिरव्या पाटीवरचा पळणारा माणूस आपण विमानतळावर किंवा मोठ्या इस्पितळात पाहतो. ती पाटीही अशाच दुःखातून पुढे आली आहे. जपानमध्ये १९७२ साली ओसाका येथे आणि १९७३ साली कुमामोतो येथे मोठ्या दुकानांच्या इमारतींना आगी लागल्या आणि प्रत्येकीत शंभराहून अधिक माणसे मेली. त्यानंतर तिथे बाहेर पडण्याच्या खुणांचा नव्याने विचार झाला. स्पर्धा घेऊन चित्र निवडले गेले आणि १९८० च्या दशकात ते जगभरचे मानक ठरले. हे चित्र निरक्षराला कळते, मराठी न येणाऱ्याला कळते, उर्दू न येणाऱ्यालाही कळते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी पाटी लावली तरी ती फक्त इंग्रजी अक्षरांची असते. बाजारला आलेल्या पालमच्या किंवा सोनपेठच्या शेतकऱ्याला तिचा काय उपयोग? चित्र, बाण आणि खाली मराठी व उर्दूत ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ एवढे असले की पुरे.

‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे’

हा विषय काढला की व्यापारी बांधव पहिल्यांदा हेच उत्तर देतात. भारनियमनाच्या काळात मराठवाड्याने जे सोसले, त्यामुळे इन्व्हर्टर प्रत्येक दुकानात आला. परंतु इन्व्हर्टर हा धंदा चालू राहावा म्हणून असतो, जीव वाचावा म्हणून नव्हे. तो बहुधा जिन्याखाली किंवा गल्ल्यामागे ठेवलेला असतो. त्याची वायर नेहमीच्याच वायरिंगमधून गेलेली असते. आग तिथेच लागली, किंवा ती वायर जळाली, की इन्व्हर्टर असून नसल्यासारखा. आपत्कालीन दिव्यात बॅटरी दिव्याच्याच पेटीत असते, म्हणून एक दिवा गेला तरी पुढच्या वळणावरचा चालू राहतो. फरक आहे तो इथे.

या दिव्यालाही एक दुखणे आहे. तो वर्षभर भिंतीवर शांत बसतो आणि त्याची बॅटरी आतल्या आत मरते. परभणीच्या उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या किंवा बंद जिन्यातल्या उष्णतेत, ती अधिक लवकर मरते. पेटीवरचा लाल किंवा हिरवा ठिपका पेटलेला असतो, म्हणून मालकाला वाटते सारे ठीक आहे. तो ठिपका वीज येत असल्याचे सांगतो. बॅटरी किती वेळ टिकेल ते तो सांगत नाही. ते कळण्याचा मार्ग एकच: वीज बंद करायची आणि घड्याळ पाहायचे.

आमचा खरा आग्रह इथेच आहे. दाखला मिळवणे आणि दिवा लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जानेवारी आणि जुलैचा कागद फाईलला लागला की आपण निर्धास्त होतो. कोणी तपासायला न येता कागद हाती पडला, तर तो आपल्याला स्वस्त पडला असे वाटते. वास्तविक त्याहून महाग सौदा नाही. माल घेताना आपण ताका उलगडून, उजेडात धरून पाहतो, शब्दावर विश्वास ठेवत नाही. मग जिवाच्या बाबतीत न उलगडलेला ताका का घ्यावा?

जिना कोणाचा?

आणखी एक गाठ सोडवावी लागेल. संकुलातील गाळे वेगवेगळ्या लोकांनी घेतलेले असतात. बांधणारा गाळे विकून मोकळा झालेला असतो. गाळ्याच्या आत प्रत्येकाचा दिवा, पण जिना मात्र कोणाचाच नाही. आणि जो कोणाचाच नाही, तो सगळ्यांचे गोदाम होतो. सणाच्या दिवसांत जिन्याच्या प्रत्येक पायरीवर खोकी, वळणावर गठ्ठे, वर गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्ली मालकाच्या घरी. अशा जिन्यावर ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ अशी पाटी लावणे म्हणजे माणसाला फसवणे होय.

कायद्याने मालक व भोगवटादार दोघांनाही धरले आहे, त्यामुळे ‘मी तर भाडेकरू’ किंवा ‘मी तर फक्त मालक’ हे उत्तर चालणार नाही. उपाय साधा आहे. प्रत्येक संकुलातील गाळेधारकांनी एक समिती करावी, दरमहा ठरावीक वर्गणी काढावी आणि जिना, बोळ, गच्चीचे दार व तेथील दिवे समितीच्या ताब्यात द्यावेत. एका जिन्यासाठी लागणारे दोन-तीन बॅटरीचे दिवे आणि चार पाट्या यांचा खर्च दहा गाळ्यांत वाटला, तर तो कोणालाही जड जाणार नाही. ज्यांना तेही तूर्त शक्य नाही, त्यांनी निदान अंधारात चमकणारी पट्टी पायऱ्यांच्या कडेला व दाराच्या चौकटीला लावावी. तिला वायर लागत नाही, बॅटरी लागत नाही. दिवसभर उजेड पिऊन ती अंधारात दिसते. ती दिव्याची जागा घेणार नाही, पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरी.

काही बांधव म्हणतात, मृत्यू तकदीरीत लिहिलेला असतो, दिव्याने काय होणार? तवक्कुलचा हा अर्थ आपल्या दीनने शिकवलेला नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू नये, आधी त्याला बांधावे, ही शिकवण आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मदीनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसह जळाले, तेव्हा प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) यांनी आगीला शत्रू म्हटले आणि झोपण्यापूर्वी ती विझवण्याची ताकीद दिली, असे हदीसमध्ये आले आहे. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही तर ईमानची एक शाखा सांगितली आहे. रस्त्यातला काटा उचलणे जर ईमानचा भाग असेल, तर जिन्यातले खोके उचलणे त्याहून निराळे कसे? दुकानात आलेले गिऱ्हाईक आणि गल्ल्यावर बसवलेला नोकर हे तेवढा वेळ आपल्याकडे अमानत असतात.

महानगरपालिकेकडूनही आमच्या काही अपेक्षा आहेत. परभणीला २०११ मध्ये महानगरपालिका मिळाली. आता बाजाराच्या प्रमाणात अग्निशमन विभागाची तपासणीही वाढली पाहिजे. नोटिसा एका वस्तीत जातात आणि दुसऱ्या वस्तीत जात नाहीत, अशी भावना व्यापाऱ्यांत निर्माण होऊ नये. नानलपेठ असो की कच्छी बाजार, माप एकच असावे. कोणत्या संकुलाने जुलैचा दाखला दिला आणि कोणत्या नाही, याची यादी सर्वांसाठी जाहीर करावी. मनपाची स्वतःची संकुले व कार्यालये त्या यादीत सर्वांत वर असावीत. आणि ज्यांना पक्षपाताची भीती वाटते त्या आमच्या बांधवांना आम्ही एवढेच सांगू, की कागद आणि दिवा दोन्ही चोख असणे हेच त्या भीतीवरचे सर्वांत भक्कम उत्तर आहे.

रमजानच्या अखेरच्या दहा रात्री आपला बाजार सेहरीपर्यंत जागा असतो. तरावीहनंतर महिला आणि मुले खरेदीला बाहेर पडतात, रोषणाईच्या माळांचा भार त्याच जुन्या वायरींवर पडतो आणि वर्षभरातील सर्वांत जास्त माल त्याच दिवसांत दुकानात असतो. म्हणून आमची व्यापारी संघटनांना विनंती आहे, की रमजानचा चंद्र दिसण्यापूर्वी एका रात्री, दुकाने बढवल्यानंतर, प्रत्येक संकुलाने आपला मेन स्विच खाली पाडावा. सर्व गाळेधारकांनी वरच्या मजल्यावर उभे राहावे आणि हातात बॅटरी किंवा मोबाईल न घेता खाली उतरून दाखवावे. दिवे लागले तर ते दीड तास टिकतात का, तेही पाहावे. नाही लागले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले काम कोणते, हे कोणी सांगायची गरज उरणार नाही. त्यानंतर दर महिन्याला एकदा हेच करावे. याला ना परवानगी लागते ना फी. लागतो तो फक्त थोडा वेळ.