एका गोळीतील तीन शास्त्रे

शाळेच्या वेळापत्रकात रसायनशास्त्राचा तास वेगळा, जीवशास्त्राचा वेगळा, गणिताचा वेगळा आणि संगणकाचा आणखी वेगळा असतो. घंटा झाली की एक वही मिटायची आणि दुसरी उघडायची. शिकवण्याच्या सोयीसाठी हे ठीकच आहे. पण त्यामुळे पुष्कळांचा असा समज होतो, की विज्ञानही असेच कप्प्याकप्प्यांत राहते. त्याच्या जोडीला दुसरा समज असतो : एकाच विषयात खोल जाणारे ‘शुद्ध’ संशोधन तेवढे श्रेष्ठ, आणि दोन-तीन विषयांचे ज्ञान एकत्र आणून माणसाची अडचण दूर करणारे उपयोजित संशोधन दुय्यम. हे मत मला मान्य नाही. का मान्य नाही, ते मनोविकारावरील एका साध्या गोळीच्या उदाहरणाने सांगतो.

मनमाडच्या वाचकांना जंक्शन म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. मुंबई, भुसावळ, दौंड आणि छत्रपती संभाजीनगर या दिशांचे लोहमार्ग तेथे एकत्र येतात. यांतला शेवटचा मार्ग पूर्वी मीटरगेज होता. त्यामुळे मुंबईकडून ब्रॉडगेजने आलेला माल मराठवाड्यात न्यायचा, तर मनमाडला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. दोन्हीकडच्या गाड्या कितीही चांगल्या असोत, माल हलवणारे हात आणि वजन करणारा काटा जागेवर नसेल तर माल तिथेच अडकून पडणार. उपयोजित संशोधन हे अशा जंक्शनवरचे काम आहे. आणि तेथे सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे काटा, अर्थात मोजमाप.

मुळीपासून मिलिग्रॅमपर्यंत

आपल्याकडचे एक उदाहरण पाहा. सर्पगंधा ही वनस्पती भारतात फार पूर्वीपासून औषधात वापरतात. बिहारकडे तर लोक तिला वेडावरचे औषध म्हणूनच ओळखत. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी मनोविकार व वाढलेला रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. त्याच वर्षी दिल्लीत सलिमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्या मुळीतून अजमलिन हे द्रव्य वेगळे केले. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवर सर्पगंधेचा काय परिणाम झाला, याच्या पद्धतशीर नोंदी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केल्या आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळवले. दोनच वर्षांनी अमेरिकेत डॉ. नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले. १९५७ साली डॉ. वकील यांना लास्कर पारितोषिक मिळाले.

मुळी तर शेकडो वर्षे तीच होती. मग नवे काय घडले? मुळीचे चूर्ण सगळीकडे सारखे नसते. जमीन, हंगाम, झाडाचे वय यांप्रमाणे त्यातले औषधी द्रव्य कमीजास्त होते. चिमूटभर चूर्णात औषध किती, हे जोवर सांगता येत नाही, तोवर दोन डॉक्टरांचे अनुभव ताडून पाहता येत नाहीत. चिमूट जाऊन मिलिग्रॅम आला, तेव्हा ते शक्य झाले. तसे ते झाले म्हणूनच रिसर्पिनचे दोषही उघड झाले. काही रुग्णांत त्याने खिन्नता येते असे आढळले. पुढे अधिक चांगली औषधे आल्यावर मनोविकारांसाठी त्याचा वापर मागे पडला.

हे काम केवळ परदेशांतच चालत असे, असेही नाही. १९६३ साली मुंबईजवळ गोरेगाव येथे सिबा कंपनीचे संशोधन केंद्र सुरू झाले. तेथील रसायनशास्त्रज्ञांच्या कामातून नायट्रॉक्सॅझेपिन हे खिन्नतेवरील औषध तयार झाले आणि १९८२ साली ते ‘सिंटामिल’ या नावाने भारतात विक्रीस आले.

ज्योतीने वाचवलेले औषध

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. लिथियम हे मूलद्रव्य तुम्हाला आवर्त सारणीत तिसऱ्या क्रमांकावर भेटते. काही रुग्णांना कधी उन्मादाचे तर कधी पराकोटीच्या खिन्नतेचे झटके येतात. या विकाराला आज ‘बायपोलर’ म्हणतात. त्यावर लिथियम कार्बोनेटची गोळी दिली जाते. १९४९ साली, म्हणजे डॉ. वकील यांचा लेख आला त्याच वर्षी, ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम दिले. परिणाम आश्चर्यकारक होता. पण पुढच्याच वर्षी त्यांच्या एका रुग्णाचा लिथियमच्या विषबाधेने मृत्यू झाला. अमेरिकेत हृदयविकाराचे रुग्ण मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खात होते, त्यांच्यातही मृत्यू घडले. हे औषध तेथेच संपले असते.

ते वाचवले एका ज्योतीने. तुम्ही प्रयोगशाळेत ज्योत-परीक्षा केली असेल. सोडियमने ज्योत पिवळी होते, लिथियमने किरमिजी. रंग किती गडद आहे हे यंत्राने मोजले, की द्रावणात लिथियम किती आहे ते कळते. या यंत्राला फ्लेम फोटोमीटर म्हणतात. मेलबर्नमध्ये ट्राउटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत या यंत्राने रुग्णांच्या रक्तातील लिथियम मोजण्यास आरंभ केला. औषध कोणत्या पातळीपर्यंत उपकारक आणि कोठून पुढे घातक, हे त्यामुळे ठरवता आले. आज साधारणपणे एक लिटर रक्तद्रवात ०.६ ते १.० मिलिमोल ही पातळी ठेवतात. १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका सुरू होतो आणि २ च्या पुढे तो गंभीर होतो. औषध आणि विष यांच्यात इतकेच अंतर आहे. आता पुष्कळ ठिकाणी ज्योतीच्या जागी विद्युत्-अग्रांची यंत्रे आली आहेत, पण मोजल्यावाचून हे औषध द्यायचे नाही हा नियम तोच आहे.

गोळीचेही मोजमाप असते. लिथियम कार्बोनेटमधील अणुभार ७, १२ आणि १६ धरून हिशेब करा : ३०० मिलिग्रॅमच्या गोळीत शुद्ध लिथियम ५६-५७ मिलिग्रॅमच भरते. कच्चा माल शुद्ध आहे की नाही हे तपासताना तो जास्तीच्या हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात आणि उरलेले आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडने मोजतात. बारावीच्या प्रयोगवहीत जे अनुमापन असते, तेच हे. म्हणजे ब्युरेट हातात धरलेला विद्यार्थी औषधनिर्मितीच्या दाराशी उभा असतो. फक्त त्याला तसे कोणी सांगितलेले नसते.

श्रेढी आणि उन्हाळा

तिसरे शास्त्र गणिताचे, आणि त्याच्या मदतीला संगणक. लिथियम जवळजवळ सगळे मूत्रपिंडातून बाहेर पडते. निरोगी माणसात सुमारे एका दिवसात त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. आता कागद घ्या. रोज एक मात्रा घ्यायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत निम्मी उरते असे धरा. मात्रा घेतल्यावर पहिल्या दिवशी शरीरातील साठा १, दुसऱ्या दिवशी १.५, तिसऱ्या दिवशी १.७५, चौथ्या दिवशी १.८७५. ही भूमिती श्रेढी २ च्या जवळ जाऊन स्थिरावते. म्हणून डॉक्टर मात्रा बदलल्यावर पाच-सात दिवस थांबून मग रक्त तपासतात. दुसऱ्या दिवशीच तपासले तर साठा अजून चढत असतो.

आता समजा, मूत्रपिंडाचे काम मंदावले आणि दिवसाकाठी निम्म्याऐवजी पावच लिथियम बाहेर पडू लागले. म्हणजे तीन चतुर्थांश मागे उरते. श्रेढी पुन्हा मांडून पाहा. साठा २ ऐवजी ४ वर जातो. गोळी तीच, वेळही तीच; पण रक्तातील ०.८ ची पातळी निदान १.६ वर पोचते. रुग्णाने काहीही चूक केलेली नाही आणि तरी तो धोक्याच्या रेषेपलीकडे गेला आहे.

असे केव्हा होते? शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले म्हणजे मूत्रपिंड सोडियम राखून ठेवू लागते, आणि त्याच्याबरोबर लिथियमही मागे राहते. जुलाब, उलट्या, फार घाम, पाण्यावाचून केलेला उपवास, एकदम मीठ तोडणे, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके ही त्याची कारणे. आता मनमाडचा उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. वाघदर्डीचे धरण आटले आणि नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी आले, असे उन्हाळे या गावाने काढले आहेत. घरातला माणूस तहान मारून राहतो, उन्हात ओझी उचलतो, अंग दुखले म्हणून दुकानातून गोळी आणतो. तो लिथियम घेत असेल, तर हात कापणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे, उलट्या ही विषबाधेची लक्षणे असू शकतात. घरच्यांना ती ‘जुनेच वेड उसळले’ अशी वाटतील, आणि शेजाऱ्यांपासून आजार लपवलेला असेल तर डॉक्टरकडे जायला आणखी उशीर होईल.

हा हिशेब समजण्यासाठी आहे, मात्रा ठरवण्यासाठी नाही, हे लक्षात ठेवा. गोळी कमी करणे, वाढवणे किंवा एकदम बंद करणे हे डॉक्टरांचे काम आहे. एकाएकी बंद केलेले लिथियमही घात करते, आजार उलटतो.

संगणकाने काय करावे

आपण श्रेढी एका माणसासाठी मांडली. पण वय, वजन, मूत्रपिंडाची क्षमता प्रत्येकाची निराळी. प्रत्येकाचे दहा वेळा रक्त काढणेही शक्य नसते. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील शायनर आणि बील यांनी संगणकासाठी अशी पद्धत तयार केली, की पुष्कळ रुग्णांचे प्रत्येकी दोन-तीनच नमुने असले तरी त्या सर्वांवरून औषधाचा शरीरातील प्रवास काढता यावा. त्यांच्या कार्यक्रमाचे नाव ‘नॉनमेम’; आजही औषध-संशोधनात तो वापरतात. हे काम संख्याशास्त्राचे, संगणकाचे, रसायनाचे की वैद्यकाचे? ज्याला या प्रश्नाचे एकच उत्तर देता येईल, त्याने उपयोजित संशोधनाला खुशाल दुय्यम म्हणावे.

मात्र एक इशारा द्यायला हवा. संगणक आता सगळे सांगेल, मनाचा आजारही तोच ओळखेल, अशी भाषा हल्ली फार ऐकू येते. पण संगणक सांगतो ती पातळी ‘असावी’ या जातीची. रक्ताची तपासणी सांगते ती ‘आहे’ या जातीची. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांच्या नोंदींवर बेतलेला हिशेब मनमाडच्या वैशाखात, घाम गाळणाऱ्या माणसाला जसाच्या तसा लागू पडेल, असे धरून चालता येणार नाही. त्यासाठी येथलेच नमुने, येथलेच तापमान आणि येथलेच मोजमाप त्यात घालावे लागेल. हा खरा संशोधनाचा विषय आहे, आणि तो उद्या तुमच्यापैकी कोणी हाती घेऊ शकेल.

महाराष्ट्रातील प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मनमाडहून यांतले एकही जवळ नाही. अलीकडे दूरध्वनीवर सल्ला मिळतो. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सरकारी सेवा सुरू आहे आणि तिचा उपयोग अवश्य करावा. पण फोनवरून रक्त तपासता येत नाही. म्हणून माझे मत असे, की तालुक्याच्या गावी लिथियमसारख्या औषधांची रक्ततपासणी वेळेवर आणि परवडेल अशी होणे, ही मोठ्या संगणकाहून आधीची गरज आहे.

शिक्षकांना एक विनंती आहे. ज्योत-परीक्षा शिकवताना लिथियमच्या किरमिजी रंगाशी क्षणभर थांबा आणि हे औषध कोणत्या आजारावर देतात ते वर्गात मोकळेपणाने सांगा. मधुमेहाच्या गोळीविषयी बोलताना आपण आवाज खाली आणत नाही. मनाच्या आजाराच्या गोळीविषयीही आणू नये. त्या वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असेल, की जिच्या घरात ही गोळी रोज घेतली जाते, पण कपाटात लपवून ठेवलेली असते.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही एवढे करा. आपल्या गावातील रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत शिक्षकांबरोबर जा. लिथियमची तपासणी येथे होते का, होत नसेल तर नमुना कोठे पाठवतात, किती दिवसांनी उत्तर येते आणि खर्च किती पडतो, हे विचारून वहीत लिहा. मग वर मांडलेली श्रेढी पुढे ठेवून पाहा, की उत्तर येईपर्यंतच्या दिवसांत रुग्णाच्या शरीरातील साठा कोठवर गेलेला असेल.