गोळी शिकवता, माणूस कधी शिकवणार?

माझी भाची एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या रमजानमध्ये ती घरी आली होती. असरच्या नमाजनंतर अम्मीला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळायला लागलं. आम्हाला वाटलं, उन्हाने रोजा लागला. भाचीने आधी बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. 52 निघाली! तिने लगेच नानीचा रोजा सोडवला, साखरेचं पाणी पाजलं आणि थोड्या वेळाने विचारलं, ''नानी, शुगरची गोळी कधी घेतली?''

''सहरीला. रोजच्यासारखी.''

गोळी ग्लिबेनक्लामाइडची होती. पोटात अन्न असो-नसो, ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तिचा असर बराच वेळ टिकतो आणि म्हातारपणी मूत्रपिंड मंदावलं की आणखी लांबतो. अम्मी अनेक वर्षं ती घेत होती. त्यात दरवर्षी रोजेही धरत होती. डॉक्टरांनी कधी विचारलं नाही, अम्मीने कधी सांगितलं नाही.

भाची म्हणाली, ''मामू, हे औषध माझ्या वहीत आहे. तक्त्यातल्या दोन ओळी. परीक्षेत बरोबर लिहिलं होतं मी. पण रोजा धरणारी बाई त्या तक्त्यात नव्हती.''

औषधशास्त्र हा विषय आपल्याकडे दुसऱ्या वर्षी शिकवतात. औषधांची नावं, वर्गवारी, दुष्परिणाम यांचा डोंगर पाठ करायचा आणि पेपर लिहायचा. पण हेच औषध समोरच्या माणसाला द्यावं का, किती, केव्हा, त्याला ते परवडेल का, हे ठरवायला शिकवणारी शाखा म्हणजे क्लिनिकल फार्माकॉलॉजी. मुंबईच्या केईएममध्ये तिचा स्वतंत्र विभाग आहे, त्यात डीएमसुद्धा करता येतं. पण ते शिक्षण एमडीनंतरचं, मोजक्यांसाठी. गावात दवाखाना टाकणारा डॉक्टर एमबीबीएसच्या शिदोरीवरच आयुष्यभर चिठ्ठ्या लिहितो. म्हणून ही शाखा पदवीलाच नीट शिकवली पाहिजे, असं माझं मत आहे.

2019 पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात हे कागदावर आलंही आहे. चिठ्ठी लिहिणं, दुसऱ्याची चिठ्ठी तपासणं, दुष्परिणामाचा फॉर्म भरणं, रुग्णाला औषध समजावून सांगणं, सगळं त्यात आहे. पण भाचीच्या कॉलेजात चिठ्ठी लिहिली जाते ती जर्नलमध्ये, काल्पनिक रुग्णाची. हा काल्पनिक रुग्ण फार शहाणा असतो. तो वेळेवर जेवतो, गोळ्या विकत घेतो, उपास करत नाही आणि हकिमाची पुडी लपवून खात नाही.

कुणी म्हणेल, दुसऱ्या वर्षाच्या पोरांना एवढं कुठे झेपणार? त्यांनी उपचार करावेत असं मी म्हणतच नाही. आठवड्यातून एक दुपार वॉर्डात बसावं, एका रुग्णाच्या औषधांची पिशवी उघडावी आणि प्रत्येक गोळी का, कधी, कशाबरोबर घेता, एवढं विचारावं. विचारायची सवय याच वयात लागते. पुढे ओपीडीत शंभर जणांची रांग असताना ती नव्याने लागत नाही.

दोष फक्त कॉलेजांचा नाही. आपणही डॉक्टरपासून रोजा लपवतो. ते 'धरू नका' म्हणतील, ही भीती असते. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे, हे माहीत असूनही! रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटलं तर बऱ्याच जणांची औषधं आणि वेळा बदलून देता येतात. मात्र हा बदल आपल्या मनाने करायचा नाही.

अम्मीची गोळी आता डॉक्टरांनी बदलली आहे. यंदा रोजे धरायचे की नाही, ते त्यांना विचारून ठरवू. भाची सोबत येणार आहे. तिला तिथे काही बोलायचं नाही. डॉक्टर काय काय विचारतात, एवढंच ऐकायचं आहे.