तत्त्वज्ञान हा विषय घ्यावा काय ?

शाळेच्या वार्षिकांत वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस उपदेशाचे चार शब्द सांगण्याची चाल जुनी आहे. परंतु कोरड्या उपदेशापेक्षां, लवकरच त्यांच्यापुढें उभ्या राहणाऱ्या एखाद्या प्रश्नाचा विचार त्यांच्यासह व त्यांच्या पालकांसह करणें अधिक हिताचें, असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे. परीक्षांचे निकाल लागले, म्हणजे विषय निवडण्याची घाई सुरू होते. आपल्या महाराष्ट्रांत अकरावी-बारावीच्या कला शाखेंत तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान हे विषय निवडतां येतात. आणि २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें, पदवीच्या अभ्यासांत मुख्य विषयाबाहेरचे विषय घेण्याची वाट विज्ञान व वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांसही मोकळी करून दिली आहे. यादींत ‘तत्त्वज्ञान’ हा शब्द दिसला, कीं विद्यार्थी क्षणभर थबकतो, आणि वडील विचारतात, “ह्याचा उपयोग काय ?” मुलगी असली तर हाच प्रश्न दुप्पट जोरानें विचारला जातो.

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा खचित नाहीं. ज्या घरांत मुलाची फी उसनवारी करून भरली जाते, त्या घरास प्रत्येक विषयाचा हिशेब मागण्याचा हक्क आहे. म्हणून आरंभींच स्पष्ट सांगितलें पाहिजे, कीं केवळ तत्त्वज्ञानाच्या पदवीवर पोट भरणें कठीण आहे. अध्यापनाच्या जागा थोड्या असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेंत हा वैकल्पिक विषय आहे, आणि २०१३ सालापासून तेथें नीतिविचाराची २५० गुणांची प्रश्नपत्रिका सर्वांस सोडवावी लागते, हें खरें. परंतु त्या परीक्षेंत यश मिळविणारे फार थोडे. तेव्हां तिचें आमिष दाखवून कोणास ह्या विषयाकडे वळविणें रास्त होणार नाहीं. आपला प्रश्न निराळा आहे. मुख्य विषय कोणताही असो. त्याच्या जोडीला तत्त्वज्ञानाचा एखादा अभ्यासक्रम घ्यावा काय?

ह्यासंबंधीं दोन उदाहरणें पाहूं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति घेऊन न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. शिष्यवृत्ति मोजक्या मुदतीची, आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षें नोकरी करण्याचा करार. अशा विद्यार्थ्यास वेळ उधळणें परवडणारें नव्हतें. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. त्या विषयाचे २९, इतिहासाचे ११ व समाजशास्त्राचे ६ अभ्यासक्रम त्यांनीं घेतले. आणि एवढ्या धांवपळींत तत्त्वज्ञानाचेही ५ घेतले. तेथें जॉन ड्यूई ह्यांच्यासारखा गुरु त्यांस लाभला. १९३६ सालीं जातिसंस्थेच्या उच्चाटनावरील आपलें इंग्रजी भाषण छापून प्रसिद्ध करितांना त्यांनीं ह्या गुरूचें ऋण स्पष्ट शब्दांत मान्य केलें. पूर्वजांकडून आलेलें सर्व कांहीं जसेंच्या तसें पुढील पिढीच्या हातीं न देतां, त्यांतून चांगलें तेवढेंच निवडून देणें हें समाजाचें कर्तव्य आहे, ह्या ड्यूई ह्यांच्या विचाराचा त्यांनीं तेथें आधार घेतला. अर्थशास्त्रानें त्यांस रुपयाचा प्रश्न उकलण्याचें साधन दिलें. परंतु ज्या रूढीचा जाच लहानपणापासून सोसला, तिचें खंडन करण्याच्या कामीं तत्त्वज्ञानाचें साहाय्य झालें.

दुसरें उदाहरण क्लॉड शॅनन ह्या अमेरिकन अभियंत्याचें. मिशिगन विद्यापीठांत विद्युत्-अभियांत्रिकी व गणित शिकत असतां त्यानें तत्त्वज्ञानाचा एक वर्ग घेतला, आणि तेथें जॉर्ज बूल ह्या एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज गणितज्ञाचें तर्कगणित त्याच्या परिचयाचें झालें. ‘खरें’ व ‘खोटें’ ह्या दोनच मूल्यांवर चालणारें तें गणित, आणि ‘चालू’ व ‘बंद’ ह्या दोनच अवस्था असणारे विजेचे खटके, ह्यांतील साम्य त्यानें हेरलें, व १९३७ सालीं त्यावर प्रबंध लिहिला. आज आपल्या खिशांतील फोन ज्या मंडलांवर चालतो, त्यांच्या रचनेच्या मुळाशीं ही कल्पना आहे.

ह्यावरून तत्त्वज्ञान घेणारा प्रत्येक जण आंबेडकर किंवा शॅनन होईल, असें मात्र कोणीं समजूं नये. दोन उदाहरणांवरून असा सर्वसाधारण निष्कर्ष काढणें हा तर्काचा दोष आहे. आणि असले दोष ओळखावयास शिकणें हाच ह्या विषयाचा पहिला लाभ होय. “आमचे आजोबा जन्मभर तंबाखू खात आले आणि नव्वद वर्षें जगले, तेव्हां तंबाखूनें कांहीं होत नाहीं,” असें कोणी म्हटलें, कीं आपण मान डोलावितों. तर्कशास्त्र शिकलेला विद्यार्थी मान डोलाविण्यापूर्वीं विचारतो, कीं जे लवकर गेले त्यांची गणती कोणीं केली ?

हा अभ्यास आपल्या देशास परका नाहीं. न्यायदर्शनांत अनुमानाचीं प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय व निगमन अशीं पांच अंगें सांगितलीं आहेत. डोंगरावर अग्नि आहे. कारण तेथें धूर दिसतो. जेथें धूर तेथें अग्नि, जसा चुलीपाशीं. ह्या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून तेथें अग्नि आहे, हें नैयायिकांचें उदाहरण प्रसिद्धच आहे. त्याच दर्शनानें चर्चेचेही तीन प्रकार केले आहेत. सत्य शोधण्यासाठीं चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचें खंडन करीत राहणें ही वितंडा. फोनवर रात्रंदिवस चालणाऱ्या चर्चा ह्या तीन पेट्यांत वांटून पाहाव्या. पहिली पेटी बहुधा रिकामी राहील!

२०२२ सालच्या अखेरीस चॅट-जीपीटी हें यंत्र लोकांच्या हातीं आलें, तेव्हांपासून ह्या शिक्षणाची निकड वाढली आहे. विचारलेल्या प्रश्नाचें सफाईदार उत्तर आतां कोणासही क्षणांत मिळतें. परंतु सफाईदार वाक्य खरेंच असतें असें नाहीं. उत्तर स्वस्त झालें, म्हणजे उत्तराची पारख महाग होते.

कांहीं घरांत निराळीच भीति असते. मुलगा तत्त्वज्ञान शिकला तर देवास विसरेल, असें आईस वाटतें. ही भीति अगदींच निराधार नाहीं. प्रश्न विचारण्याची संवय उंबऱ्याबाहेर थांबत नाहीं. परंतु असे प्रश्न वर्गांतच उत्पन्न होतात असें थोडेंच आहे ? घरांत अकालीं मृत्यु आला, कीं ते न बोलावितां येतात. ते एकट्यानें अंधारांत सोसण्यापेक्षां, चांगल्या गुरूजवळ व थोर विचारवंतांच्या संगतींत सोडविण्याचा यत्न करणें बरें. प्रेषित पौलानेंही अथेन्स नगरांत एपिकूरी व स्तोयिक तत्त्वज्ञान्यांस टाळलें नाहीं. त्यांच्याशीं तो बोलला. जी श्रद्धा प्रश्नाच्या वाऱ्यानें विझेल असें आपणांस वाटतें, तिला काळजीची अधिक गरज आहे.

आतां निवड कशी करावी, हें थोडक्यांत सांगतों. हा विषय सोपा आहे, थोड्या पाठांतरांत गुण मिळतात, एवढ्याच आशेनें कोणीं घेऊं नये. ज्यास वाचनाचा कंटाळा आहे, त्यानेंही घेऊं नये. आरंभ तर्कशास्त्रानें करावा, नंतर नीतिशास्त्र घ्यावें. भारतीय व पाश्चात्य दर्शनांचा इतिहास त्यापुढें अधिक कळतो. नांव नोंदविण्यापूर्वीं परवानगी घेऊन एक तास त्या वर्गांत बसून पाहावें. तेथें विद्यार्थी प्रश्न विचारितात काय, कीं केवळ टिपणें उतरून घेतात, हें पाहावें. टिपणेंच असतील तर दुसरा विषय बरा, कारण प्रश्नांवांचून तत्त्वज्ञान म्हणजे पाण्यावांचून पोहणें. मराठी माध्यमाच्या मुलांनीं इंग्रजी परिभाषेस भिऊं नये. १९७४ सालीं दे. द. वाडेकर ह्यांनीं संपादिलेला मराठी तत्त्वज्ञान-महाकोश तीन खंडांत निघाला आहे. अडलेला शब्द त्यांत पाहावा.

पालकांस विनंति इतकीच, कीं मुलानें वा मुलीनें ह्या विषयाचें नांव काढलें, तर “उपयोग काय ?” हा प्रश्न अवश्य विचारा, पण उत्तर ऐकून घेण्याइतका वेळही द्या. आणि विद्यार्थ्यांनो, त्या प्रश्नानें रागावूं नका. त्याचें नीट, सप्रमाण व विनयानें उत्तर देतां आलें, तर त्या विषयाचा पहिला धडा तुम्ही घरींच शिकलां असें समजा. तें देतां येत नसेल, तर निदान एक अभ्यासक्रम घ्या, असेंच माझें मत आहे. मुख्य विषय तुम्हांस भाकर देईल. ती कशी मिळवावी, कोणाबरोबर वांटावी आणि कोणत्या किंमतीस नाकारावी, ह्याचाही विचार एकदां तरी शिस्तीनें केलेला असावा.