'मदरबोर्ड गेलाय' म्हणण्याआधी

लॅपटॉप उघडून स्वतःच्या हाताने रॅम किंवा एसएसडी बदलणाऱ्याच्या नशिबी एक क्षण बऱ्याचदा येतो. झाकण बसवलं, स्क्रू आवळले, पॉवरचं बटण दाबलं... आणि स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पुढे काही नाही. मागून घरातलं कोणीतरी विचारतंच, "चांगला चालत होता ना? कशाला हात घालायचा?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. हात घालायलाच हवा. पण त्यानंतर बिघाड शोधायचं जे काम असतं, ते आपण आयटीवाले फार वाईट करतो. ऑफिसात प्रॉडक्शन पडलं की आपला पहिला प्रश्न काय असतो? "शेवटचा बदल कोणता?" तो मागे घ्यायचा, सिस्टीम उभी करायची, मग निवांत कारण शोधायचं. घरच्या लॅपटॉपपुढे मात्र आपल्या अंगात देवऋषी संचारतो. कोणी विंडोज फॉरमॅट मारतं, कोणी बायोस अपडेट करतं, कोणी दोन्ही एकदम. शेवटी कोणीतरी "मदरबोर्ड गेलाय" म्हणतं आणि आपण विश्वास ठेवून नवीन लॅपटॉप बघायला लागतो.

मंडळी, कालपर्यंत चालणारा मदरबोर्ड नेमका तुम्ही रॅम बदलली त्याच दिवशी जाईल, ही शक्यता कमी. संशय आधी आपण केलेल्या बदलावर घ्यायचा.

काळी स्क्रीन दिसली की पहिली गोष्ट म्हणजे थांबायचं. डीडीआर५ च्या लॅपटॉपमध्ये नवी रॅम टाकल्यावर मशीन पहिल्यांदा त्या रॅमशी आपलं टायमिंग जुळवून घेतं. त्याला मिनिट-दोन मिनिटं, कधी जास्तही लागतात, आणि तोवर स्क्रीनवर काही येत नाही. आपण दहाव्या सेकंदाला बटण दाबून मशीन बंद करतो आणि पुन्हा पहिल्यापासून!

थांबूनही काही झालं नाही तर चार्जर काढा, आत बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पॉवरचं बटण पंधराएक सेकंद दाबून धरा आणि रॅम पुन्हा बसवा. ती तिरकी सरकवायची, सोनेरी पट्टी आत जाईपर्यंत, आणि मग दोन्ही बाजूंच्या क्लिपा लागेपर्यंत खाली दाबायची. अर्धवट बसलेली रॅम हे काळ्या स्क्रीनचं अगदी नेहमीचं कारण. लॅमिंग्टन रोडवरचा किंवा तपकीर गल्लीतला दुरुस्तीवाला रॅमच्या पट्टीवर खोडरबर फिरवताना दिसला तर हसू नका. पट्टीवरचा थर निघून पुन्हा नीट संपर्क होतो. (नंतर रबराचा चुरा मात्र पुसून घ्या.)

तरीही नाही? मग जुनी रॅम एकटी लावून बघा. चालू झालं तर बोर्ड ठीक आहे. प्रश्न नव्या रॅमचा, नाहीतर दोघींच्या जोडीचा. बसली म्हणजे चालेल असं नसतं. डीडीआर३ आणि डीडीआर३एल दोन्हींना २०४ पिना, खाचही त्याच जागी, पण पहिलीला १.५ व्होल्ट लागतात आणि दुसरी १.३५ वर चालते. काही लॅपटॉप फक्त दुसरीच घेतात. एम.२ एसएसडीचंही तसंच. साटा आणि एनव्हीएमई दिसायला जुळी भावंडं, पण कित्येक स्लॉट दोघांतल्या एकालाच ओळखतात.

एसएसडी दिसत नसेल तर एकच प्रश्न विचारा: बायोसला दिसतेय का? तिथेच नसेल तर भानगड हार्डवेअरची. बायोसमध्ये आहे पण विंडोजमध्ये नाही, तर बहुतेक कोऱ्या डिस्कवर अजून पार्टिशनच झालेलं नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडा. विंडोज टाकतानाच डिस्क गायब असेल, आणि प्रोसेसर इंटेलच्या ११ व्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असेल, तर व्हीएमडी नावाची सेटिंग आणि तिचा ड्रायव्हर तपासा. आणि रॅम टाकल्यावर वायफाय मेलं असेल, तर झाकण काढताना वायफाय कार्डावरची बारीक तार निसटली असणार. यातल्या कशालाही फॉरमॅट हा उपाय नाही.

इथवर ठीक. खरा धोका स्क्रीन चालू झाल्यावर सुरू होतो, आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात.

माझा मावसभाऊ सीएची आर्टिकलशिप करतोय. त्याने ८ जीबीची १६ केली, लॅपटॉप झकास चालू झाला. पंधरा दिवसांनी एक्सेलच्या फाइली उघडेनात, मधूनच निळी स्क्रीन. सर्व्हिस सेंटरने मदरबोर्डचे २२,००० सांगितले. मी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ चालवलं. काही मिनिटांत लाल ओळी. जुनी रॅम एकटी ठेवली, रात्रभर एकही चूक नाही. नवी एकटी ठेवली, दोन्ही स्लॉटमध्ये चुका. दुकानदाराने वॉरंटीत बदलून दिली, खर्च शून्य. पण मधल्या पंधरा दिवसांत बिघडलेल्या फाइली बिघडल्याच. वर बॅकअप आपोआप होत होता, त्यामुळे तिथेही त्याच बिघडलेल्या प्रती जाऊन बसल्या होत्या. खराब रॅम मशीन बंद पाडते तेव्हा उपकारच करते. ती गुपचूप चालत राहते तेव्हा घात होतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की लॅपटॉप चालू झाला म्हणजे अपग्रेड झालं असं धरू नका. रात्रभर मेमरी टेस्ट होऊन सकाळी शून्य चुका दिसल्या, की झालं.

यावर एक मित्र म्हणाला, "दुकानात पाचशे रुपयांत होतं. वीकेंड कशाला घालवायचा?" मुद्दा चूक नाही. दुकानातून करून घ्या, खुशाल. पण घाईच्या वेळी रात्रभराची टेस्ट कोण करणार? तुमच्या फाइलींची किंमत तुम्हालाच माहीत. शिवाय हे शिकायची संधीही कमी होत चाललीय. २००८ च्या पहिल्या मॅकबुक एअरमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली होती. आज पातळ लॅपटॉपमध्ये ते सर्रास दिसतं. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, चांगलंच झालं. पण ज्याला बिघाड शोधताच येत नाही, त्याच्या हातात तो हक्क देऊन उपयोग किती? "मदरबोर्ड गेलाय" ऐकल्यावर "कशावरून?" एवढं तरी विचारता आलं पाहिजे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून कपाटात गेलेले कितीतरी लॅपटॉप एक एसएसडी आणि लिनक्सवर अजून काही वर्षं सहज काढतील. ते भंगारात जाण्याचं कारण आपला आळस असू नये.

तर या शनिवारी कोणी स्क्रू ड्रायव्हर हातात घेणार असेल, तर झाकण उघडायच्या आधी तीन कामं करा. बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या डिस्कवर घेऊन तिची वायर काढून ठेवा. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहा, कारण हार्डवेअर किंवा बायोसमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला मिळत नाही. आणि स्क्रू ज्या क्रमाने निघतील तसेच कागदावर मांडून फोटो काढा. सगळे एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड भोकात पिळलात, तर मदरबोर्ड खरंच जाईल :)