भातकुलीचा कारभार कोणाच्या हाती?

भातकुली तालुक्याचे दुखणे जुने आहे. तालुका भातकुलीचा, पण तहसील कार्यालय अनेक वर्षे अमरावती शहरात. खारपाणपट्ट्यातला मजूर एका दाखल्यासाठी रोजी पाडून अमरावती गाठायचा. हे कार्यालय भातकुलीला न्यायचे की नाही, यावरून पुढाऱ्यांमध्ये चांगलीच जुंपली. मात्र मार्च २०२२ मध्ये अमरावती जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा त्याच्या निम्माही गाजावाजा झाला नाही.

जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक, पंचायत समितीत गटविकास अधिकारी प्रशासक. म्हणजे प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच आणि खर्च बरोबर झाला असे लिहून देणाराही तोच. गंमत अशी की, डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत भातकुली नगरपंचायतीची निवडणूक झाली होती. त्यामुळे भातकुलीतल्या मतदाराला नगरसेवक मिळाला आणि वेशीबाहेरच्या खेड्यातल्या मतदाराला जिल्हा परिषद सदस्य उरला नाही. तालुका एक, संविधान एक, नागरिकत्व मात्र दोन प्रकारचे!

कायदा काय सांगतो? १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम २४३-ई स्पष्ट आहे. पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. नगरपालिकांसाठीच्या अशाच तरतुदीवर सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये किशनसिंग तोमर खटल्यात निवडणूक आयोगाला वेळेचे बंधन पाळायला बजावले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानात तर मुदत संपली किंवा परिषद बरखास्त झाली की ९० दिवसांत निवडणूक घ्यावी, असे लिहिले आहे. तिथल्या ईस्टर्न केपमधल्या खोसा भाषिक खेड्यांनाही तो हक्क आहे. आमच्याकडे दिवस नव्हे, वर्षे मोजावी लागली.

कारण सांगितले जाते ओबीसी आरक्षणाचे. मार्च २०२१ मध्ये विकास गवळी खटल्यात न्यायालयाने तिहेरी चाचणी आणि ५० टक्क्यांची मर्यादा सांगितली. राज्याकडे समकालीन आकडेवारी नव्हती. ती नव्हती, कारण जातनिहाय जनगणनेला दिल्लीतले राज्यकर्ते दशकानुदशके टाळत आले. एका सरकारने जागा वाढवल्या, दुसऱ्याने ऑगस्ट २०२२ मध्ये त्या पुन्हा कमी केल्या, आणि प्रकरण न्यायालयात पडून राहिले. ६ मे २०२५ ला न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितले. फेब्रुवारी २०२६ मध्ये १२ जिल्हा परिषदांसाठी मतदान झाले, त्यात वऱ्हाडातली एकही नव्हती. आरक्षण ५० टक्क्यांवर जाते म्हणून अमरावती, अकोला मागे ठेवले गेले. आरक्षणाचा वाद सोडवायला निवडणूकच थांबवायची, ही युक्ती कोणाच्या सोयीची आहे हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

आमच्या वस्त्यांसाठी हा कोरडा कायदेशीर वाद नाही. १९३२ च्या ऑक्टोबरात मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व नसेल तर अशा पंचायतींना विरोध केला होता. गावाच्या हाती सत्ता म्हणजे गावातल्या बलवानांच्या हाती सत्ता, हे त्यांनी ओळखले होते. पुढे कलम २४३-डी ने राखीव जागा आल्या, तेव्हा कुठे आमचा माणूस सभागृहात हक्काने बसू लागला. प्रशासकाच्या राज्यात ती खुर्चीच नाही. समाजकल्याण समितीची बैठक नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकास योजनेत कोणत्या गावची नाली धरली आणि कोणत्या गावची वगळली, हे विचारणारा सदस्य नाही. जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातले २० टक्के मागासवर्गीयांवर खर्च व्हायचे आहेत. त्याचा हिशेब अधिकारी अधिकाऱ्यालाच देतो. त्यातच पंधराव्या वित्त आयोगाचा निधी निर्वाचित संस्थांनाच द्यायचा असा नियम, म्हणजे निवडणूक न घेण्याचा दंडही खेड्यांनीच भरायचा.

शेजारच्या अकोल्याकडे पाहा. जानेवारी २०२० मध्ये तिथे वंचित बहुजन आघाडी सर्वांत मोठा पक्ष ठरली आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद तिच्याकडे आले. बौद्ध, छोटे ओबीसी, मुस्लिम अशी मोट बांधून चळवळीला खरी सत्ता कुठे मिळाली असेल तर ती या सभागृहात. विधानसभेत पैसा बोलतो. जिल्हा परिषदेच्या गटात अजूनही सायकलवर, पायी फिरून प्रचार करता येतो. तेच दार जानेवारी २०२५ मध्ये मुदत संपताच बंद झाले, आणि आमचे कार्यकर्ते याला 'ओबीसींचे प्रकरण' समजून गप्प राहिले. ओबीसी बांधवांची जागा हिरावली जाते तेव्हा आमचीही राखीव जागा त्याच कुलपात अडकते, एवढे गणित साधे आहे.

निवडणूक होईपर्यंत ग्रामसभा मात्र शाबूत आहे. भातकुली तालुक्यातल्या प्रत्येक वस्तीने ग्रामसभेत ठराव घ्यावा, आणि माहितीच्या अधिकारात मार्च २०२२ पासून त्या २० टक्क्यांतून व वस्ती विकास योजनेतून आपल्या गावात काय काम झाले याची वर्षनिहाय यादी मागावी. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करायचा. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही तर पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, दुसरे राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे.